खिंड कोणी लढवली?

कुठल्याही शाळेच्या प्रश्नमंजूषेत हा प्रश्न हमखास असतो आणि त्याचे उत्तर एका शब्दात संपते: बाजीप्रभू. उत्तर बरोबर आहे, गुणही मिळतो. भोर तालुक्याच्या हिरडस मावळात मात्र त्याला लगेच एक पुस्ती जोडली जाते: ‘आणि बांदल?’ बाजीप्रभू शिंद गावचे, या मावळाचे देशपांडे. देशपांड्याकडे दप्तर आणि हिशेब. मुलखाचा बंदोबस्त आणि जमाव देशमुखाकडे. हिरडस मावळची देशमुखी बांदलांची होती. १३ जुलै १६६० रोजी गजापूरच्या खिंडीत जे उभे राहिले, त्यांत मोठा भरणा बांदलांच्याच माणसांचा होता. म्हणजे तीनशे माणसांच्या कामाची आठवण आपण एका नावावर भागवतो. त्यात बाजीप्रभूंचे मोठेपण कमी होण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न आपल्या करमणुकीच्या सवयीचा आहे.

ही सवय सिनेमाने लावली, असे म्हणण्याची हल्ली फॅशन आहे. पण ती फार जुनी. पोवाडा उभा राहतो तो एका नावावर. शाहीर डफावर थाप मारून नाव उचलतो, तुणतुणे सूर धरते, मागचे झीलकरी ‘जी रं जी’ म्हणत तेच नाव लोकांच्या कानात ठोकून बसवतात. या बांधणीत देशमुख, देशपांडे, पाटील आणि त्यांचा जमाव मावणार कसा? तुळशीदास शाहिराच्या सिंहगडाच्या पोवाड्यात कड्यावर चढणारी घोरपड आहे. सभासदाच्या बखरीत ती नाही, तिथे माणसेच वानरासारखी कडा चढतात. तरी चित्रकथांत आणि पडद्यावर कोण पोहोचली? घोरपड. १९७४ साली आलेल्या ‘शिवकल्याण राजा’ या ध्वनिमुद्रिकेने तर शिवकाळ मराठी घराघरांत सुरांनी नेला, आणि सूर लावून कानावर पडलेली गोष्ट खोडणे टिपणांच्या पुस्तकाला जमत नाही. दोष शाहिराचा नाही, संगीतकाराचाही नाही. एका दमात लक्षात राहील असे काहीतरी देणे हेच त्यांचे काम.

म्हणूनच २०२२ साल या बाबतीत मोठे बोलके ठरले. फेब्रुवारीत दिग्पाल लांजेकरांचा ‘पावनखिंड’ आला आणि त्याच वर्षी दिवाळीत अभिजीत देशपांडे यांचा ‘हर हर महादेव’. दोन्हींत बाजीप्रभू, दोन्हींत तीच खिंड. पहिल्याने बांदल सेनेला नावानिशी पडद्यावर आणले. बांदलांच्या घरातली माणसे अनेक प्रेक्षकांना तिथेच प्रथम भेटली. दुसऱ्यावर मात्र मावळातल्या घराण्यांच्या वंशजांनी जाहीर आक्षेप घेतला. बांदलांचे चित्रण आणि शिवाजी महाराज व बाजीप्रभू यांच्यातले संबंध, दोन्ही इतिहासाला सोडून आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे प्रकरण राजकारण्यांच्या हातात गेले, ठाण्यात प्रेक्षागृहात गोंधळ झाला, आणि मूळ मुद्दा त्या आरड्याओरड्यात बुडाला. खेळ बंद पाडणे हे उत्तर नव्हेच. बंद पडलेल्या खेळाने कुणाला बांदल कळले नाहीत.

मूळ मुद्द्यावर दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला: ‘सिनेमाच आहे हो, एवढे काय मनावर घ्यायचे?’ दोन-अडीच तासांत एकच नायक पेलतो, हे खरे. संवाद काल्पनिक असणार, स्वप्ने आणि गाणीही. त्यावर कुणी भांडू नये. पण कोण कुणाच्या चाकरीत होते, कोण कुणाशी लढले, ही कल्पनेची बाब नाही. आणि सुरुवातीला ‘सिनेमॅटिक लिबर्टी’ची पाटी वाचून होण्याआधी पडद्यावरून नाहीशी झाली, तर तिचा उपयोग निर्मात्याच्या वकिलाला, प्रेक्षकाला नाही. त्यापेक्षा शेवटच्या श्रेयनामावलीत, जिथे केटरिंगवाल्याचेही नाव येते, तिथे कुठले पात्र कागदात सापडते आणि कुठले रचलेले, एवढे द्यायला काय हरकत आहे?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: वंशज म्हणजे काही इतिहासकार नव्हेत, ते घराण्याचा अभिमान बोलतात. बरोबर. रक्ताच्या नात्याने पुरावा मिळत नाही, कागदाने मिळतो. पण मावळात हे कागद याच घराण्यांच्या दप्तरांत राहिले, ही वस्तुस्थिती उरतेच. भोरजवळच्या कारी गावचे जेधे देशमुख हे त्याचे ठळक उदाहरण. दयाजीराव जेध्यांनी आपल्याकडची शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती दिली आणि ती १९१६ साली छापली गेली. शकावली म्हणजे कोरडे लिखाण: शक, महिना, पक्ष, तिथी, आणि पुढे घडले ते एका ओळीत. विशेषण नाही, डफ नाही. याच घराण्याचा करीना मात्र घराण्याची सेवा आणि हक्क सांगण्यासाठी लिहिलेला, म्हणून तो वाचताना लिहिणाऱ्याचा हेतू ध्यानात ठेवावा लागतो, अगदी सिनेमा पाहताना ठेवावा तसाच. फरक इतकाच की करीना दुसऱ्या कागदाशेजारी ठेवून ताडता येतो. पार्श्वसंगीत कशाशी ताडणार?

भोरच्या राजवाड्यात अधूनमधून चित्रीकरणाचे दिवे लागतात, राजगड आणि तोरणा तर पडद्यावर आता पाठ झाले आहेत. वेल्हे तालुक्याला सरकारने नावही राजगडाचे दिले. जागा ओळखीच्या झाल्या, माणसे अजून व्हायची आहेत: गुंजण मावळचे शिळीमकर, मोसे खोऱ्याचे पासलकर, कानद खोऱ्याचे मरळ. १९ फेब्रुवारीला गावोगाव मिरवणुका निघतात आणि डीजेच्या भिंतींवर महाराजांची गाणी वाजतात. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही जन्मतिथी, जिच्यावरून ती तारीख ठरली, कारीच्या त्या शकावलीत नोंदलेली आहे. तिच्यावर अजून कुणी गाणे केलेले नाही.