हळदीचे पेटंट ते यंत्राचा शोध : वैद्यांच्या वहीचे रक्षण

हळदीच्या व्रणरोपक गुणावर १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास पेटंट मिळाले होते, हे आपणांस स्मरत असेलच. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले. प्राचीन संस्कृत ग्रंथ आणि १९५३ मधील एक वैद्यकीय लेख यांसह ३२ लेखी आधार सादर झाले आणि १९९७ मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाने ते दावे नाकारले. घरोघरी हळद लावतात, एवढे सांगून भागले नाही. छापील पुरावा लागला. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय याच गरजेतून सुरू झाले.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेने हा प्रश्न अधिक बिकट केला आहे. ग्रंथोक्त कल्प व आधुनिक शोधनिबंध एकत्र चाळून यंत्र अल्पावधीत असंख्य नवे योग सुचवू शकते. मग शोधकर्ता कोण? दक्षिण आफ्रिकेत २०२१ मध्ये यंत्रास शोधकर्ता दाखविणारे पेटंट मंजूर झाले. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र डिसेंबर २०२३ मध्ये शोधकर्ता मनुष्यच असला पाहिजे, असा निर्णय दिला. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३ प्रमाणे पारंपरिक ज्ञान अथवा द्रव्यांचे केवळ मिश्रण हा शोध ठरत नाही. मात्र ते ज्ञान पूर्वीपासून होते हे दाखवावे लागते.

ग्रंथस्वामित्वाचेही तसेच आहे. चरक-सुश्रुतांच्या मूळ संहितांवर कोणाचा हक्क नाही; परंतु आधुनिक भाषांतरे व टीका यांना लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षण असते. यंत्राच्या शिक्षणासाठी असे साहित्य विनापरवाना वापरता येते काय, हा वाद २०२४ मध्ये एका वृत्तसंस्थेच्या दाव्यामुळे दिल्ली उच्च न्यायालयात पोहोचला.

वैराग-बार्शी परिसरातील आम्हां व्यावसायिकांचा याच्याशी निकटचा संबंध आहे. दुकानात आपण ज्यास ‘पेटंट औषध’ म्हणतो, ते १९४० च्या औषध कायद्यानुसार परवाना मिळालेले स्वामित्व औषध असते. त्या परवान्याने पेटंटचा हक्क मिळत नाही. तसेच कपाटात गुप्त ठेवलेली वही पूर्वज्ञानाचा पुरावा म्हणून सहसा उपयोगी पडत नाही. म्हणून परंपरेने आलेला योग द्रव्य, प्रमाण, अनुपान व आधारग्रंथ यांसह दिनांक घालून प्रसिद्ध करावा. योग खरोखरच नवा असेल, तर प्रसिद्धीपूर्वी पेटंटविषयक तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा आणि तोपर्यंत तो सार्वजनिक यंत्रसेवेत लिहू नये. तेथे एकदा दिलेल्या माहितीवर आपले नियंत्रण उरेलच असे नाही. यंत्राने लिहिलेले माहितीपत्रकही मूळ ग्रंथाशी ताडून पाहावे, कारण त्यातील चुकीचे उत्तर उत्पादकालाच द्यावे लागते.

प्रत्येक वैद्याने या तिमाहीत आपल्या संग्रहातील किमान एक पारंपरिक योग अशा रीतीने लिहून काढावा, अशी आमची नम्र विनंती आहे.