शाळा सुटल्यानंतर मूल कोणाकडे?

शाळा सुटल्याची घंटा होते, मुले आवाराबाहेर पडतात आणि आपली जबाबदारी तेथे संपली असे आपण मानतो. नियमाने ते खरेही आहे. परंतु ज्या मुलाचे आईवडील दोघेही मजुरीस गेलेले असतात, त्याच्या घराला त्या वेळी कुलूप असते. कापूस वेचणीच्या किंवा कांदा लागवडीच्या दिवसांत आई दिवेलागणीला परतते. एरवी हा अवधी तास-दीड तासाचा; शनिवारी सकाळची शाळा सुटली की तो सहा-सात तासांचा होतो. उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली म्हणजे रोजचाच शनिवार.

अंगणवाडी आहे, पण ती सहा वर्षांखालील बालकांसाठी, आणि तीही दिवसाचे काही तास. पहिली-दुसरीतील मूल तिच्या कक्षेबाहेर जाते. त्यास आजीकडे ठेवावे, शेजारणीकडे ठेवावे, थोरल्या बहिणीच्या हवाली करावे की सोबत शेतावर न्यावे, हे पालक पुष्कळदा शिक्षकांसच विचारतात. त्यांस काय सांगावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

सांभाळणारे माणूस नात्याचे आहे एवढ्याने प्रश्न सुटत नाही. ते त्या वेळी खरोखर घरी असते काय, हे प्रथम विचारावे. आजी असते, परंतु दुपारी शेळ्या घेऊन माळावर जाते. मग मूल एकटेच. तिला नीट दिसते काय, हाक ऐकू येते काय, हेही पाहावे लागते. तिचा मान राखून हे विचारता येते. त्या घराजवळ कठडा नसलेली विहीर आहे काय? शेततळे आहे काय? शेततळ्याचे प्लास्टिकचे अस्तर निसरडे असते. आत पडलेल्या मुलास काठ धरून वर येता येत नाही, आणि त्यास काढावयास उतरलेला मोठा माणूसही पुष्कळदा अडकतो. फवारणीचे औषध सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवण्याची खोड घराघरांत आहे. तहानलेले मूल बाटलीवरील चित्र पाहते, आतील द्रव पाहत नाही. मुलास शेतावर नेणाऱ्या पालकांस तर या दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात.

आणखी एक गोष्ट आपण संकोचाने टाळतो. एखादे मूल अमक्या घरी जावयास नको म्हणते, तेव्हा तो हट्ट समजून दटावू नये. त्यास शांतपणे, एकांतात बोलते करावे. मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याची शंका आली, तर 2012 च्या बाल संरक्षण कायद्यान्वये ती पोलिसांस कळविणे सक्तीचे आहे; गावात बैठक घेऊन मिटविण्याचा तो विषय नव्हे. 1098 हा बालकांसाठीचा मदत क्रमांक प्रत्येक वर्गात लिहिलेला असावा.

आता थोरल्या बहिणीविषयी. हा मार्ग सर्वांत स्वस्त व सर्वांत रूढ. म्हणूनच तो कोणास खटकत नाही. मी शिक्षक असताना चौथीतील एक मुलगी खेळाच्या तासाला थांबत नसे. घंटा होताच धावत सुटे. गृहपाठ अपुरा, शनिवारी बहुधा गैरहजर. मी तिला आळशी समजलो व वर्गात बोललोही. घरी धाकटा भाऊ तिच्या भरवशावर होता आणि भाकऱ्याही तीच थापीत असे, हे मला वर्षअखेरीस कळले. पाचवीची शाळा शेजारच्या गावी होती. ती तेथे गेली नाही.

ही अडचण नवी नाही. कै. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे त्यांनी व अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यात, पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या. कडेवरचे भावंड पाळणाघरात राहिले, तरच थोरली मुलगी वर्गात बसेल, हा त्यामागील साधा हिशेब. तेवढी सोय आपल्या हाती नसली, तरी हिशेब तोच आहे.

एकाच वाडीतील तीन-चार कुटुंबांनी मिळून घरी असणाऱ्या एका बाईकडे मुले ठेवावीत आणि तिला रोजगाराच्या किंवा धान्याच्या रूपाने मोबदला द्यावा, अशी व्यवस्था काही ठिकाणी चालते. फुकटचा उपकार फार दिवस टिकत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालकच असतात व निम्म्या स्त्रिया असतात; हा विषय त्या बैठकीत काढावा. शनिवारी व्हरांडा खुला ठेवून, समितीने नेमलेल्या माणसाच्या देखरेखीखाली गोष्टींची पुस्तके व चेंडू दिला तरी पुष्कळ होते. मात्र त्याची शिकवणी करू नये. चार तास बसलेल्या मुलास धावू द्यावे.

जून महिन्यात पटावरील प्रत्येक मुलाच्या नावापुढे ‘शाळा सुटल्यावर कोणाकडे’ अशी एक नोंद एका साध्या वहीत करावी. ती पालकांस विचारून करावी, आणि मग स्वतंत्रपणे मुलासही विचारावे; दोन्ही उत्तरे जुळतातच असे नाही. दिवाळीनंतर मजुरीची कामे व वेळा बदलतात, काही कुटुंबे ऊसतोडीस जातात. तेव्हा ही वही पुन्हा काढावी.