विझत्या आभेचा मागोवा

दिवाळीच्या रात्री हैदराबादच्या कोठी भागात एखादा बाण आकाशात फुटतो. आवाज ऐकून माणूस मान वर करतो, तोवर लखलखाट संपलेला असतो. उरते ती विझत चाललेली लाली. बाण कोठे फुटला हे जाणावयाचे, तर त्या लालीवर तत्काळ नजर लावावी लागते. खगोलशास्त्रज्ञांपुढे तीस वर्षे असाच प्रश्न उभा होता.

अमेरिकेने चोरट्या अणुस्फोटांवर पहारा ठेवण्यासाठी वेला नावाचे उपग्रह सोडले होते. १९६७ साली त्यांना गॅमा किरणांचा एक झोत जाणवला. पण तो पृथ्वीवरील स्फोटाचा नव्हता. १९७३ साली ही गोष्ट जगापुढे आली. असे बरेचसे स्फोट काही सेकंदांतच आटोपतात. ते आपल्या आकाशगंगेतले, की तिच्या फार पलीकडचे? त्यांची दिशाच जेथे नेमकी कळेना, तेथे अंतर कसे कळावे?

उलगडा झाला तो मागे उरणाऱ्या आभेमुळे. स्फोटातून प्रकाशाच्या जवळपास वेगाने निघालेले द्रव्य भोवतालच्या विरळ वायूवर आदळते आणि तेथे नवे तेज उत्पन्न होते. द्रव्याचा वेग मंदावतो, तसतशी ही आभा क्ष-किरणांतून दृश्य प्रकाशात आणि अखेर रेडिओ लहरींत उतरते. पहिल्या तासाअखेर दिसणाऱ्या तेजाचा दहाव्या तासाला सामान्यतः दहावा हिस्साच उरतो. विलंब परवडत नाही तो यामुळेच.

२८ फेब्रुवारी १९९७ च्या स्फोटानंतर बेपोसॅक्स या उपग्रहाला ही आभा प्रथम गवसली. ८ मे रोजी दुसरा स्फोट नोंदला गेला. कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी हवाई बेटावरील दहा मीटर व्यासाच्या केक दुर्बिणीने तिच्या प्रकाशाचा वर्णपट घेतला. वाटेतील वायूमधल्या लोह व मॅग्नेशियम यांच्या काळ्या रेषा त्यात तांबड्या बाजूस बऱ्याच सरकलेल्या आढळल्या. याचा अर्थ, तो प्रकाश अब्जावधी वर्षे प्रवास करून आला होता. स्फोट आकाशगंगेच्या फार पलीकडचा ठरला.

स्फोट काही पंचांग पाहून होत नाहीत. हवाईत दिवस असतो, तेव्हा भारतात रात्र असू शकते. म्हणून येथील दुर्बिणींचे मोल मोठे आहे. २९ मार्च २००३ च्या स्फोटाची रेडिओ आभा पुणे जिल्ह्यातील खोडद येथील दुर्बिणीने टिपली; तिच्या तीस तबकड्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या आहेत. लडाखमधील हान्ले येथे मुंबईची आय. आय. टी. आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था यांची ७० सेंटिमीटरची स्वयंचलित दुर्बीणही अशा आभांचा वेध घेते. एका देशात उजाडले की दुसऱ्याने पहारा घ्यावयाचा, असे हे काम आहे. त्यात खंड पडला, तर गेलेले तास परत मिळत नाहीत. कारण तोच स्फोट पुन्हा होत नसतो.