सिकलसेलमध्ये अंग इतकं का दुखतं? उत्तर पेशींच्या श्वासात आहे

वर्धा जिल्ह्यात ‘सिकलसेल’ म्हणजे काय, हे कुणाला फारसं समजावून सांगावं लागत नाही. विदर्भातल्या आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या, तसंच काही ओबीसी समाजांच्या अनेक घरांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. पण अचानक हातपाय, कंबर, छाती असह्य दुखायला लागते तेव्हा बऱ्याचदा बाहेरून काहीच दिसत नाही. मग ‘शाळा बुडवायला नाटक करतोय’ हेही ऐकावं लागतं.

नाटक नाही. त्या वेळी शरीरातल्या लाखो पेशींचा ऊर्जापुरवठा खरोखर तुटलेला असतो.

आधी हा पुरवठा कसा चालतो ते बघू. आपण खातो ती भाकर, भात शेवटी ग्लुकोज बनून पेशीत पोहोचतो. पेशी ग्लुकोज फोडून एटीपी नावाचा रेणू बनवते आणि सगळी कामं त्यावर चालतात. एटीपी साठवून ठेवता येत नाही, क्षणाक्षणाला नवा बनवावा लागतो.

ऑक्सिजन असेल तर ग्लुकोजचे तुकडे मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिकेत, पूर्ण जाळले जातात. हे ऑक्सिश्वसन. एका ग्लुकोजमागे साधारण 30 ते 32 एटीपी मिळतात (जुन्या पुस्तकांत हा आकडा 36 किंवा 38 आहे). ऑक्सिजन नसेल तर काम पहिल्याच टप्प्यावर थांबतं. हाती लागतात फक्त 2 एटीपी आणि सोबत लॅक्टिक आम्ल. हे विनॉक्सिश्वसन.

आता गंमत बघा. एका तांबड्या रक्तपेशीत हिमोग्लोबिनचे जवळपास 27 कोटी रेणू असतात आणि प्रत्येक रेणू ऑक्सिजनचे 4 रेणू उचलतो. पण ही पेशी स्वतः त्यातला एकही वापरत नाही! तिच्यात मायटोकॉन्ड्रियाच नसतात. त्यामुळे ती आयुष्यभर, म्हणजे सुमारे 120 दिवस, विनॉक्सिश्वसनावरच जगते. माल पोहोचवते, पण त्याला हात लावत नाही.

सिकलसेलमध्ये याच हिमोग्लोबिनच्या साखळीतलं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं. ऑक्सिजन सोबत असेपर्यंत फारसं बिघडत नाही. तो सोडला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून कडक दोरे बनतात आणि गोल, लवचिक पेशी विळ्यासारखी वाकते.

सगळा खेळ वेळेचा

हे दोरे तयार व्हायला थोडा वेळ लागतो. केशवाहिनीतून पेशी साधारण सेकंदभरात निघून जाते, त्यामुळे बहुतेक पेशी वाकण्याआधीच पार होतात. पण रक्ताची गती मंदावली, की त्या आतच वाकतात, अडकतात आणि वाट बंद होते.

खरा घात इथून पुढे आहे. पलीकडच्या हाडातल्या, स्नायूतल्या पेशींना ऑक्सिजन मिळत नाही. त्या नाइलाजाने विनॉक्सिश्वसनावर येतात. 30 एटीपीची सवय असलेल्या पेशीला 2 एटीपी किती वेळ पुरणार? शिवाय लॅक्टिक आम्ल साचतं. रक्त आम्लधर्मी झालं की हिमोग्लोबिन ऑक्सिजन आणखी लवकर सोडतं, म्हणजे मागून येणाऱ्या पेशीही वाकतात. अडथळ्यातून अडथळा वाढत जातो. पेशी मरायला लागतात, सूज येते, आणि तीच ती वेदना, जिला डॉक्टर ‘क्रायसिस’ म्हणतात.

वर्ध्याच्या उन्हाळ्याचा धोका यातूनच कळतो. पारा 45 अंशांकडे जातो, घामाने शरीरातलं पाणी कमी होतं. रक्तपेशीतलं पाणी थोडं जरी घटलं तरी हिमोग्लोबिन दाट होतं आणि दोरे कितीतरी पटींनी लवकर जुळतात. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्त रेंगाळतं. अतिश्रमात स्नायू ऑक्सिजन भराभर ओढून घेतात. म्हणून ‘पाणी भरपूर पी, थंडीत अंग झाक, दमेपर्यंत पळू नको’ या सूचना वरवरच्या वाटल्या तरी थेट या सेकंदाच्या हिशेबाशी जोडलेल्या आहेत. ताप, छातीत दुखणं, धाप लागणं किंवा एका बाजूची ताकद जाणं यापैकी काही झालं तर घरी थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा.

हायड्रॉक्सीयुरिया हे नेहमीचं औषध गर्भातल्या बाळासारखं हिमोग्लोबिन वाढवतं, जे दोरे जुळू देत नाही. दुसरी दिशा जास्त रंजक आहे: तांबड्या पेशीचं विनॉक्सिश्वसनच वेगवान करायचं. मिटापिव्हॅट हे औषध त्यातल्या शेवटच्या टप्प्याच्या एन्झाइमला चालना देतं. अमेरिकेत 2022 मध्ये त्याला वेगळ्या रक्तविकारासाठी मान्यता मिळाली आणि सिकलसेलवरही त्याच्या चाचण्या झाल्या आहेत.

भारतात 1 जुलै 2023 ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी हे त्याचं लक्ष्य. वाहक व्यक्तीला सहसा त्रास होत नाही, त्यामुळे तपासल्याशिवाय कळतही नाही. नवरा-बायको दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. पहिली चाचणी रक्ताच्या काही थेंबांवर, काही मिनिटांत होते. ती पॉझिटिव्ह आली तर वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीत कळतं.