गुपित न सांगता गुपिताचा पुरावा

चंडीगड येथील कंपनी निबंधकांकडे विवरणपत्रे दाखल करताना संचालकांना डिजिटल स्वाक्षरी करावी लागते. अशा स्वाक्षरीचे प्रमाणपत्र देताना, धारकाकडे खाजगी किल्ली असल्याची ग्वाही प्रमाणन प्राधिकरणाने द्यावी, असे २००० चा माहिती तंत्रज्ञान कायदा सांगतो.

आरएसए पद्धतीत ही किल्ली दोन प्रचंड मूळ संख्यांवर आधारलेली असते. त्यांचा गुणाकार जाहीर असतो, अवयव मात्र गुप्त. ते उघड झाल्यास कोणीही बनावट स्वाक्षरी करू शकेल. मग ते ठाऊक असल्याचे सिद्ध कसे करावे?

गोल्डवासर, मिकाली आणि रॅकॉफ यांनी १९८५ मध्ये मांडलेली ‘शून्य-ज्ञान सिद्धता’ हे त्याचे उत्तर होय. पडताळणी करणारा यदृच्छेने प्रश्न निवडतो. प्रश्नाचे पर्याय दोनच असल्यास तोतयाला प्रत्येक फेरीत निम्मी संधी असते; २० फेऱ्यांनंतर ती दहा लाखांत एकाहूनही कमी उरते. मात्र त्यात वेळ जातो. फ्रान्सच्या पुपार आणि स्टर्न यांनी २००० मध्ये पर्यायांची संख्या अफाट वाढवून हा पुरावा आटोपशीर केला.

व्यवहारात अर्जावरील स्वाक्षरीवरूनच किल्लीचा ताबा तपासता येतो. अवयवांविषयी अधिक काटेकोर खात्री हवी असेल, तेथे ही रीत उपयोगी पडते.