आतला दरवाजा

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत २०२२ सालच्या आरंभी ‘परम प्रवेग’ नावाचा महासंगणक सुरू झाला. राष्ट्रीय महासंगणन अभियानाखाली ‘सी-डॅक’ या संस्थेने तो उभारला. याच संस्थेने १९९१ साली पुण्यात ‘परम ८०००’ हा आपला पहिला महासंगणक सिद्ध केला होता, हे अनेकांच्या स्मरणात असेल. ‘परम प्रवेग’ची शक्ती ३.३ पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३०० लाख कोटी गणिती क्रिया, एवढी सांगतात. परंतु आज त्याच्या वेगाविषयी बोलावयाचे नाही. त्याच्या सामायिकपणाविषयी बोलावयाचे आहे.

असे यंत्र कोणा एकाचे नसते. कोणी त्यावर पावसाळी वाऱ्यांचे गणित मांडतो, कोणी प्रथिनांच्या घड्या उलगडतो, तर कोणी विमानाच्या पंखावरून वाहणाऱ्या हवेचा अभ्यास करतो. प्रत्येकाचे स्वतंत्र खाते असते. आपल्या खोलीत बसून तो आपली परवली सांगतो आणि यंत्रात प्रवेश करतो. एकाच वेळी आत असलेली ही माणसे परस्परांना ओळखत असतीलच असे नाही. तरीही एकाचे बाड दुसऱ्याच्या हाती पडत नाही आणि एकाचे गणित दुसऱ्याच्या चुकीने बिघडत नाही. एका छपराखाली राहणाऱ्या अनोळखी माणसांमध्ये ही शिस्त कोण राखतो?

ती राखतो ‘कर्नल’. आपण त्याला गाभा म्हणू. संगणकाची व्यवस्था पाहणाऱ्या कार्यप्रणालीचा हा सर्वांत आतला भाग. आपण चालविलेला कोणताही कार्यक्रम स्मृतीला किंवा तबकडीला परस्पर हात लावू शकत नाही. “मला अमुक बाड वाचावयाचे आहे,” असा अर्ज त्याने गाभ्याकडे करावयाचा. अर्जदार कोण आणि त्याचा अधिकार किती हे पाहून गाभ्याने तो मंजूर किंवा नामंजूर करावयाचा. या व्यवस्थेत एकच खातेदार असा असतो की त्याला बहुधा कोठेच अडविले जात नाही. त्याला ‘रूट’ म्हणतात. यंत्र सांभाळणारा अधिकारी आवश्यक तेव्हाच हे नाव धारण करतो.

जगातील पाचशे अग्रगण्य महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून ‘लिनक्स’ या एकाच जातीच्या गाभ्यावर चालत आले आहे. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याचा आरंभ केला आणि पुढे जगभरच्या अभियंत्यांनी तो वाढविला. बंगळूरचाही त्यात वाटा आहे. वाचणाऱ्यांनी लिहिणाऱ्यासाठी खोळंबू नये, अशी एक कुशल युक्ती २००२ साली या गाभ्यात समाविष्ट झाली. त्या कामात बंगळूरच्या आय.बी.एम. प्रयोगशाळेतील दीपंकर सर्मा यांचा प्रमुख भाग होता.

आता आजच्या विषयाकडे वळू. आपल्या डोंगरी किल्ल्यांची रचना आठवावी. महाद्वारातून ओळख पटवून आत आलेला वाणी किंवा गवळी पेठेत हिंडू शके; परंतु बालेकिल्ल्यात जावयाचे तर दुसरा दरवाजा आणि दुसरा पहारा असे. संगणकातही असेच दोन दरवाजे असतात. बाहेरचा मनुष्य आत घुसला तर तो पहिल्या दरवाजाचा दोष. जो रीतसर आत आला आहे, परंतु ज्याचा अधिकार पेठेपुरताच आहे, तो गाभ्यातील एखाद्या चुकीचा लाभ घेऊन एकदम ‘रूट’ होऊन बसला, तर तो आतल्या दरवाजाचा दोष. जाणकार त्यास स्थानिक अधिकारवाढीचा दोष म्हणतात.

‘स्थानिक’ हा शब्द मात्र फसवा आहे. आतल्याच माणसाला उपयोगी पडणारा हा दोष. मग आमची माणसे विश्वासू असताना भीती कसली, असे वाटणे स्वाभाविक आहे. मे २०२० मध्ये युरोपातील अनेक महासंगणकांच्या चालकांना याचे उत्तर मिळाले. एडिंबरो येथील ‘आर्चर’ हे यंत्र ११ मे रोजी वापरकर्त्यांना बंद करावे लागले. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधील केंद्रांवरही तीच पाळी आली. चोर आले होते ते खऱ्याखुऱ्या संशोधकांच्या चोरलेल्या किल्ल्या घेऊन. पहिल्या दरवाजावर त्यांना कोणी अडविले नाही, कारण त्यांच्या हातची किल्ली खरी होती. आत आल्यावर त्यांनी सर्वाधिकारापर्यंत मजल मारल्याच्या खुणा तपासात आढळल्या. माणसे विश्वासू होती. परंतु त्यांच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हाती गेल्या होत्या. अशा वेळी सारा भार आतल्या दरवाजावर पडतो.

हा आतला दरवाजा किती क्षुल्लक कारणाने उघडा राहू शकतो, याचे एक बोलके उदाहरण जर्मनीतील आहे. माक्स केलरमान हे तेथील एका संस्थेत काम करीत. ग्राहकांच्या संकेतस्थळांना कोण केव्हा भेट देऊन गेला, याच्या नोंदी ही संस्था ठेवी. दररोजच्या नोंदींचे एक दाबून लहान केलेले बाड असे आणि महिनाभराची बाडे जोडून ग्राहकाला एक गठ्ठा दिला जाई. एप्रिल २०२१ मध्ये तक्रार आली की, एक बाड उघडत नाही. ते दुरुस्त करून दिले. काही महिन्यांनी पुन्हा तीच तक्रार, आणि मग पुन्हा. केलरमान यांनी बिघडलेली बाडे शेजारी शेजारी मांडून पाहिली, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. बहुतेक बाडे महिन्याच्या अखेरच्या दिवसाची होती. आणि प्रत्येकात बिघडले होते ते फक्त शेवटचे ८ बाइट. त्या जागी जे आले होते, ती महिन्याच्या गठ्ठ्याला जोडावयाच्या सूचीची सुरुवात होती. गठ्ठा बांधणारा कार्यक्रम रोजची बाडे केवळ वाचीत होता, त्यांत लिहीत नव्हता. मग त्याची अक्षरे तेथे उमटली कशी?

उत्तर गाभ्यात होते. एका कार्यक्रमाकडून दुसऱ्याकडे मजकूर नेण्यासाठी गाभा एक नळी देतो. तिला ‘पाइप’ म्हणतात. ही नळी म्हणजे विहिरीवरचे रहाटगाडगेच आहे असे समजा. ठरावीक पोहरे फिरत असतात. भरतात, रिते होतात, पुन्हा भरतात. प्रत्येक पोहऱ्यावर एक चिठ्ठी असते. “यात जागा शिल्लक आहे, पुढचा मजकूर यातच ओतावा,” अशी खूण त्या चिठ्ठीवर असू शकते. साध्या पोहऱ्याला ही खूण योग्यच. परंतु श्रम वाचावेत म्हणून गाभा कधी कधी बाडाची नक्कल पोहऱ्यात न भरता, स्मृतीत असलेले बाडाचे मूळ पानच पोहऱ्याला टांगतो. ते पान सर्व वाचकांचे सामायिक असते. त्यात भर घालण्याची परवानगी कदापि असता कामा नये.

२०१६ साली गाभ्याच्या एका सुधारणेत असे पान टांगताना पोहऱ्यावरची जुनी चिठ्ठी पुसावयाची राहून गेली. त्या वेळी चिठ्ठीवर घातक असे काही लिहिलेलेच नसे, म्हणून काही बिघडले नाही. २०२० साली दुसऱ्या एका सुधारणेने भर घालण्याची परवानगी त्याच चिठ्ठीवर लिहिण्याचा नियम केला. हा नियम स्वतः निर्दोष होता. परंतु दोन्ही एकत्र आल्याबरोबर मागच्या फेरीची परवानगी पुढच्या फेरीतील परक्या पानाला लागू होऊ लागली. ज्याला केवळ वाचण्याचा अधिकार, तो आता लिहू लागला. अगदी खातेदारांच्या नोंदवहीच्या पानावरही त्याला लिहिता येई, आणि मग रूट होण्यास अडचण ती कसली? त्यातही नवल असे की, तबकडीवरचा मूळ मजकूर बहुधा जसाच्या तसा राही. बदल होई तो स्मृतीतल्या पानात. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले की चोरीची खूणही पुसली जाई.

केलरमान यांनी २० फेब्रुवारी २०२२ रोजी हा दोष, त्याची सिद्धता आणि दुरुस्ती गाभ्याच्या रक्षकांना खाजगी रीतीने कळविली. तीन दिवसांत दुरुस्त आवृत्त्या निघाल्या. हातातल्या एका नव्या अँड्रॉइड फोनवरही तोच दोष दिसून आला होता, कारण त्याच्याही पोटात हाच गाभा आहे. ७ मार्च रोजी सारी हकीकत जगजाहीर झाली, ‘डर्टी पाइप’ या नावाने. दुरुस्ती अवघ्या काही ओळींची होती. यापूर्वी २०१६ साली उघड झालेला ‘डर्टी काऊ’ हा दोष तर सुमारे नऊ वर्षे गाभ्यात नांदत होता. आणि त्या जागी आपण अकरा वर्षांपूर्वी एक दुरुस्ती करून पाहिली होती, पण ती नीट झाली नाही, असे खुद्द टोरवाल्ड्स यांनी नोंदविले आहे.

रायगडाच्या हिरकणीची आख्यायिका आपण सर्वांनी ऐकली आहे. दरवाजे मिटल्यावर तान्ह्या लेकरासाठी ती रात्री कडा उतरून गेली. महाराजांनी तिला शासन केले नाही, तिचा सन्मान केला आणि त्या जागी बुरूज बांधला, असे सांगतात. वाट दाखवून देणाऱ्याचा आदर आणि त्या वाटेवर तत्काळ बुरूज, या दोन्ही गोष्टी संगणकाच्या जगातही तितक्याच आवश्यक आहेत. पहिली आता बऱ्याच अंशी साधली आहे. दुसरी मात्र अजून अवघड जाते.

अवघड जाते याचे कारण आळस हे एकच नाही. गाभा बदलावयाचा तर सामान्यतः यंत्र थांबवून पुन्हा चालू करावे लागते. सामायिक महासंगणकावर त्या क्षणी कोणाचे तरी चार दिवसांचे गणित अर्ध्यावर आलेले असते आणि कोणी आपली पाळी येण्याची वाट पाहत असतो. यंत्र थांबविले तर आज कोणाचे काम निश्चित बुडते. न थांबविले तर उद्या सर्वांचे कदाचित बुडते. निश्चित लहान हानी आणि अनिश्चित मोठी हानी यांत मनुष्याचे मन दुसरीकडे झुकते, आणि दुरुस्ती पुढच्या आठवड्यावर ढकलली जाते. दोष जाहीर झाल्यानंतरचा तो आठवडाच सर्वांत धोक्याचा असतो, कारण आता त्याची माहिती चोरालाही असते.

म्हणून ज्याच्या हाती अशी यंत्रे आहेत त्याने थांबण्याची वेळ आधीच ठरवून ठेवावी, संशोधकांनी आपल्या गणिताचे टप्पे मधून मधून जतन करून ठेवावेत, आणि अधिकाऱ्याने “आज सायंकाळी यंत्र बंद राहील” असे कळविल्यास त्याच्यावर रागावू नये. आपणा सर्वसाधारण माणसांसाठीही यात एक गोष्ट आहे. फोन कधी कधी “सुधारणा आली आहे, यंत्र पुन्हा चालू करावे काय?” असे विचारतो, आणि आपण “नंतर” म्हणून पुढे जातो. पुढच्या वेळी तो प्रश्न आला की, रहाटावरची ती न पुसलेली चिठ्ठी आठवावी आणि “होय” म्हणावे.