कॅबिनेटचा पुढचा जॅक मुका का राहतो?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून अलिबाग-मुरूडकडे घरीच पहिला कॉम्प्युटर जोडणारा प्रोसेसर बसवताना श्वास रोखून धरतो. पण जास्त डोकं खाते ती कॅबिनेटच्या पुढच्या बाजूने येणारी हेडफोन-माइकची बारीक केबल. तिच्याबद्दल ऐकीव सल्लेही फार.

‘ती लावली नाही तर मशीन सुरूच होणार नाही,’ हा त्यातला एक. होईल. पॉवर बटणाच्या वायरी वेगळ्या. आवाजाचे मागचे जॅक थेट मदरबोर्डवर असतात, त्यांना या केबलीची गरजच नाही.

जुन्या कॅबिनेटमध्ये या केबलीला दोन टोकं दिसतात: ‘एचडी ऑडिओ’ आणि ‘एसी ९७’. दोन्ही लावायची समजून दुसऱ्याची जागा बोर्डभर शोधली जाते. ती मिळणार नाही, कारण एकच टोक लावायचं असतं. एसी ९७ हे इंटेलचं १९९७ चं मानक. २००४ मध्ये इंटेलनेच एचडी ऑडिओ आणलं, आणि आजच्या बोर्डांना तेच लागतं. फरक नावापुरता नाही. एचडीमध्ये जॅकमध्ये काही खुपसलंय का, हे बोर्डाला कळवणारी सोय आहे, एसी ९७ मध्ये ती नाही. म्हणून चुकीचं टोक लावलं की केबल धड, जॅक धड, तरी विंडोजला हेडफोनचा पत्ताच लागत नाही, आणि दोष बिचाऱ्या बोर्डावर जातो. कॅबिनेट जुनं असून त्याला एसी ९७ चंच टोक असेल तर बायोसमध्ये ‘फ्रंट पॅनल’चा प्रकार बदलायची सोय आहे का ते पाहावं.

‘दहा पिनांचं सॉकेट दिसलं की बसव’ हा सल्ला मात्र महागात पडू शकतो. यूएसबी २.० चं सॉकेटही तसंच दिसतं आणि त्यात पाच व्होल्टचा पुरवठा असतो. ओळखायची खूण सोपी आहे. यूएसबीमध्ये अगदी कोपऱ्यातली पिन नसते, ऑडिओमध्ये कोपऱ्याच्या अलीकडची. प्लगमध्ये त्याच जागेचं भोक बुजवलेलं असतं. बसत नसेल तर जोर लावू नका, जागा चुकली आहे. ऑडिओचं सॉकेट बहुतेक बोर्डांवर खालच्या डाव्या कोपऱ्यात असतं. नाव कंपनीगणिक बदलतं: असूसवर ‘एएएफपी’, एमएसआयवर ‘जेएयूडी१’, गिगाबाइटवर ‘एफ ऑडिओ’.

आता खरखर. ‘केबल हलकी आहे, बदल’ असं दुकानदार लगेच सांगतो. आधी तिचा रस्ता बघा. विजेच्या शेजाराने नाजूक मोजमाप बिघडतं, हे अलिबागकरांना नवं नसावं. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून कुलाबा वेधशाळेची चुंबकीय निरीक्षणं हलवायची ठरली, आणि १९०४ मध्ये अलिबागची वेधशाळा सुरू झाली ती त्यासाठीच. कॅबिनेटच्या आत ट्रामची जागा ग्राफिक्स कार्ड घेतं. केबल त्याला घासून न नेता मदरबोर्डाच्या मागून, खालच्या कडेने न्यावी.

तरी गुणगुण राहिली तर तोच हेडफोन मागच्या जॅकला लावून ऐका. तिथे आवाज स्वच्छ असेल तर संशय पुढच्या केबलीवर किंवा जॅकवर. तिथेही गुणगुण असेल आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी भिंतीतलं सॉकेट तपासून घ्यावं. दोन पिनांच्या जोडणीवर किंवा तुटलेल्या अर्थिंगवर एसएमपीएसच्या फिल्टरमधून येणारी गळती पत्र्यावरच राहते. हे काम इलेक्ट्रिशियनचं, साउंड कार्ड घेऊन ते सुटत नाही.

राहिला माइक. मोबाइलच्या हेडसेटचा प्लग चार पट्ट्यांचा असतो. कॅबिनेटला हेडफोन आणि माइकची वेगवेगळी भोकं असतील तर आवाज येईल, पण तुमचं बोलणं पलीकडे पोहोचणार नाही. त्यासाठी स्प्लिटर लागतो. बोर्ड परत करायला मुंबईच्या रो-रो बोटीचं तिकीट काढण्याआधी एवढं तपासून घ्या.